पुराच्या नावेचे यंत्र

पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर गेले म्हणजे इशारा आणि ४३ फुटांवर गेले म्हणजे धोका, ही गणना करवीरच्या आबालवृद्धांना मुखोद्गत आहे. परंतु २०१९ च्या ऑगस्टात ते ५५ फूट ७ इंचांवर आणि २०२१ च्या जुलैत ५६ फूट ३ इंचांवर चढले, तेव्हा चिखली-आंबेवाडीसारख्या गावांतील माणसांचे प्राण ज्या रबरी बोटींच्या हवाली झाले, त्यांच्या आउटबोर्ड यंत्राची निवड कशी करावी, याचा विचार मात्र आपल्याकडे क्वचितच होतो.

शिडाच्या नौकेतून सागरपर्यटन करणारे लोक किनारा गाठण्यासाठी सोबतच्या होडक्याला असेच यंत्र लावतात आणि अश्वशक्तीच्या आधी वजन विचारतात, कारण डुलत्या नौकेवरून ते बहुधा एकाच माणसाला उतरवावयाचे असते. आपल्या आपत्तिनिवारणाच्या सरंजामालाही हाच न्याय लागू आहे. ४० अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक यंत्र सुमारे ७० किलोंचे, तर तेवढ्याच शक्तीचे फोर-स्ट्रोक नव्वदीच्या पुढचे. ट्रकमधून उतरवून, चिखल तुडवीत, अंधारात बोटीच्या फळीवर चढविणाऱ्यांना हा फरक फार मोठा असतो. शिवाय फोर-स्ट्रोक नेमून दिलेल्या कुशीवर न निजविल्यास त्यातील तेल सिलिंडरात शिरते, आणि पुराच्या धांदलीत ही कूस कोण सांभाळणार? धूर आणि पेट्रोलचा खप यांत फोर-स्ट्रोक निःसंशय श्रेष्ठ. तथापि वर्षातून थोडेच दिवस चालणाऱ्या या कामासाठी, कोकणच्या मच्छीमारांच्या हातांना परिचित असलेल्या टू-स्ट्रोकलाच माझे मत आहे.

पंचगंगेच्या पुरात पाण्याखाली उसाचे फड, काटेरी कुंपणे, विजेच्या तारा आणि विहिरींचे कठडे असतात. म्हणून यंत्राचा दांडा १५ इंचांचा की २० इंचांचा, हे बोटीच्या मागील फळीची उंची मोजूनच मुकर्रर करावे. तो लांब झाला तर बांधावर आपटतो, आखूड झाला तर पंखा हवा खाऊ लागतो. उसाचा पाला पंख्याला गुंडाळतो, गाळाने थंडाव्याच्या पंपातील रबरी इंपेलर झिजतो. यंत्रातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार चालकाने सतत पाहत राहावी. पंख्याभोवतीच्या जाळीने जोर थोडा घटतो, तो घटू द्यावा, कारण पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय तीच वाचविते. आणि ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे नाव उलटून अनेकांना जलसमाधी मिळाली, त्यानंतर तरी बोटीवर किती माणसे घ्यावयाची, हा हुकूम यंत्राच्या जोरावर सैल करू नये. गुळाच्या काहिलीत बसून पूर ओलांडणारे नदीकाठचे लोक बांध कोठे आणि ओढा कोठे हे जाणतात. चालकाशेजारी त्यांच्यापैकी एकाची तजवीज असावी.

सर्वाधिक दुर्लक्षित बाब पेट्रोलची. आपल्याच साखर कारखान्यांचे इथेनॉल आता त्यात मिसळलेले असते, ते हवेतील ओलावा शोषते, आणि वर्षभर टाकीत पडून राहिल्यास पाणी वेगळे होऊन तळाशी बसते, कार्ब्युरेटर चिकटतो, व नेमक्या जुलैत दोर ओढून ओढून हात थकतात. प्रत्येक पावसाळ्यानंतर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत, आणि मे महिन्यात ताजे पेट्रोल घालून प्रत्येक यंत्र रंकाळ्यावर किंवा कळंब्याच्या तलावावर, माणसांचा पूर्ण भार घेऊन, तासभर चालवून पाहावे. त्याची नोंद जिल्हाधिकारी कचेरीच्या दफ्तरी चालकाच्या सहीनिशी असावी.