मंत्र्याची नोंद आणि ज्ञानकोशाची कसोटी

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे शहर फार मोठे नाही. तरीही राज्याच्या मंत्रिमंडळात येथील माणसे बसली आहेत. डॉ. हेमंत देशमुख यांचा उल्लेख आजही माजी मंत्री म्हणून होतो. जयकुमार रावल यांनी जुलै २०१६ मध्ये कॅबिनेट मंत्री म्हणून शपथ घेतली आणि पर्यटन, रोजगार हमी योजना ही खाती सांभाळली. १५ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात पुन्हा शपथ घेतल्यावर त्यांच्याकडे पणन व राजशिष्टाचार ही खाती आली. अशा व्यक्तीवर विकिपीडियासारख्या मुक्त ज्ञानकोशात स्वतंत्र लेख असावा की नसावा, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचे, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु एखाद्या नेत्याचे नाव मोबाइलवर शोधणाऱ्याच्या समोर बहुधा हाच लेख आधी येत असल्याने त्याच्या उत्तराला आता बरेच वजन आले आहे.

छापील कोशांच्या काळात हा निर्णय संपादकाचा असे. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड १९२० च्या दशकात निघाले, सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा अर्वाचीन चरित्रकोश १९४६ मध्ये आला, आणि वाई येथून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रकाशित झाला. या सर्वांपुढे कागदाची, पैशाची आणि पानांची मर्यादा होती, त्यामुळे कोणाला घ्यायचे आणि कोणाला गाळायचे हे मंडळ ठरवी व त्याचा निवाडा वाचक मान्य करी. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला पानांची चणचण नाही आणि संपादकही नेमलेला नाही. जो कोणी लिहू शकेल तो तेथे लिहितो. ज्यांना प्रचालक म्हणतात ते अनुभवी सदस्य पाने काढणे किंवा सुरक्षित करणे अशी कामे करतात, पण मजकुरावर त्यांचा मालकी हक्क नसतो. म्हणून दाराशी कोणी पहारेकरी नसलेल्या या कोशाला एक लेखी कसोटी लागली, आणि तिला तेथे ‘उल्लेखनीयता’ असे म्हणतात.

या कसोटीचा मान-सन्मानाशी काही संबंध नाही, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. एखादी व्यक्ती किती चांगली, किती कर्तबगार किंवा किती लोकप्रिय आहे, हे ती पाहत नाही. त्या व्यक्तीशी हितसंबंध नसलेल्या, विश्वासार्ह प्रकाशनांनी तिच्याविषयी पुरेशा तपशिलाने लिहिले आहे काय, एवढेच ती विचारते. प्रत्येक भाषेतील विकिपीडिया आपले नियम स्वतः ठरवतो. त्यांपैकी इंग्रजीतील नियम सर्वांत तपशीलवार असून इतर भाषांतील चर्चांमध्येही त्यांचा दाखला वारंवार दिला जातो. त्यांनुसार देशपातळीवर किंवा राज्यपातळीवर पद भूषविलेली व्यक्ती, तसेच संसद वा विधिमंडळाचा सदस्य, उल्लेखनीय असल्याचे गृहीत धरले जाते. नगराध्यक्ष, जिल्हा परिषद सदस्य किंवा निवडणुकीतील पराभूत उमेदवार यांना हे गृहीतक लागू होत नाही. त्यांच्याबाबतीत भरपूर स्वतंत्र लेखन दाखवावे लागते.

राज्याच्या मंत्र्याचे काम त्यामुळे सोपे होते. राज्यघटनेच्या १६४ व्या कलमानुसार मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने राज्यपाल मंत्र्यांची नेमणूक करतात, आणि २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकार विधानसभेच्या १५ टक्क्यांवर रोखला असल्याने २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात एका वेळी ४३ हून अधिक मंत्री असू शकत नाहीत. कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री आणि पूर्वी असलेले उपमंत्री यांच्यात ही कसोटी भेद करत नाही. जळगावच्या प्रतिभा पाटील १९६२ मध्ये विधानसभेवर निवडून आल्या आणि १९६७ मध्ये उपमंत्री झाल्या. पुढे २००७ मध्ये त्या राष्ट्रपती झाल्या नसत्या, तरी या नियमानुसार त्यांच्यावरचा लेख टिकला असता. पद किती दिवस टिकले यालाही महत्त्व नाही, कारण एकदा आलेली उल्लेखनीयता पद गेल्याने जात नाही.

खरी ओढाताण होते ती पदाच्या काठावर. महामंडळाच्या अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा मिळतो, गाडी आणि बंगला मिळतो (लाल दिवा मात्र २०१७ पासून गेला), पण तो मंत्रिमंडळाचा सदस्य नसतो, त्यामुळे दर्जाच्या जोरावर त्याला कोशात प्रवेश मिळत नाही. तीच गोष्ट घराण्याची. खान्देशात राजकारण घराण्यांतून चालते हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु मंत्र्याचा मुलगा, पुतण्या किंवा सून असणे ही स्वतंत्र लेखाची पात्रता नव्हे. दोंडाईचा–वरवाडे नगरपरिषदेच्या नगराध्यक्ष राहिलेल्या नयनकुंवर रावल यांच्याविषयी लेख लिहायचा झाल्यास रावल हे आडनाव पुरे पडणार नाही; त्यांच्या स्वतःच्या कारकिर्दीवर स्वतंत्रपणे काय छापून आले आहे, हेच पाहिले जाईल.

‘गृहीत धरले जाते’ या शब्दांत एक अट दडलेली आहे. मंत्री झाला म्हणजे त्याच्यावर कोठेतरी लिहिलेले असणारच, असा हा अंदाज आहे, आणि अंदाज खरा ठरवण्याची जबाबदारी लेख लिहिणाऱ्यावर राहते. मराठी वृत्तपत्रे उघडली की हे काम दिसते तितके सरळ नाही असे लक्षात येते. मंत्र्याच्या वाढदिवसाला निघणारी पुरवणी पाहावी: पहिल्या पानावर हात जोडलेले छायाचित्र, त्याखाली ‘कार्यसम्राट’ किंवा ‘विकासपुरुष’, आत जीवनपरिचयाचा दोन स्तंभांचा लेख, आणि चारही बाजूंनी अभीष्टचिंतन करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या जाहिराती. तो परिचय छापील आहे, नामवंत दैनिकाचे नाव त्यावर आहे, पण जाहिरातीच्या पैशाने छापलेला मजकूर स्वतंत्र ठरत नाही. विधिमंडळाच्या सदस्य-परिचयातून जन्मतारीख, शिक्षण, मतदारसंघ घेता येतो, तथापि त्यातील सामाजिक कार्याची यादी सदस्याने स्वतः दिलेल्या माहितीवर बेतलेली असल्याने गुणगौरवासाठी ती कामाची नाही. उलट खात्याच्या एखाद्या निर्णयाची चिकित्सा करणारी साधी बातमी या कामी पुरवणीपेक्षा कितीतरी मोलाची ठरते.

या नियमांची एक बाजू टोचणारी आहे. शिंदखेडा तालुक्यातीलच विखरण येथील धर्मा पाटील या ८४ वर्षांच्या शेतकऱ्याने सौरऊर्जा प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याच्या प्रश्नावरून २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला मुंबईत त्यांचा मृत्यू झाला. राज्यभरातील वृत्तपत्रांनी त्यावर रकानेच्या रकाने लिहिले. तरीही एकाच घटनेमुळे प्रकाशात आलेल्या व्यक्तीवर सहसा चरित्रलेख न करता घटनेवर लेख करावा, असा संकेत असल्याने त्यांचे नाव भूसंपादनाच्या लेखात येईल, स्वतंत्र शीर्षकाखाली येणे कठीण. एखाद्या खात्याच्या राज्यमंत्रिपदी काही महिने बसून गेलेल्या व्यक्तीला मात्र हे शीर्षक आपोआप मिळते. पदाला दिलेले हे झुकते माप सोयीचे आहे, न्याय्य आहे असे म्हणवत नाही.

ही कसोटी इतरत्रही अडखळली आहे. कॅनडातील भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर मे २०१८ मध्ये पुरेशा संदर्भांअभावी नाकारला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. अमेरिकेतील आयोवा राज्यातून २०२० मध्ये सिनेटची उमेदवारी मिळवलेल्या थेरेसा ग्रीनफील्ड यांच्यावरील लेख, त्या केवळ उमेदवार आहेत या कारणाने, अनेक महिने अडला होता.

दोंडाईच्याच्या किंवा एकूण खान्देशाच्या बाबतीत अडचण निराळी आहे. आजच्या मंत्र्यावर संगणकावर हवे तेवढे सापडते, पण १९६० आणि १९७० च्या दशकांतील आमदार व उपमंत्री यांच्याविषयी जे लिहिले गेले ते ‘गावकरी’सारख्या दैनिकांच्या जुन्या बांधीव अंकांत आहे आणि त्यांतील फारच थोडे आंतरजालावर आहे. परिणामी एखादा नवखा सदस्य शोध घेतो, काही हाती लागत नाही, आणि तो त्या लेखावर ‘पानकाढा’ साचा लावून मोकळा होतो. वास्तविक संदर्भ आंतरजालावर असलाच पाहिजे असा नियम नाही. वृत्तपत्राचे नाव, दिनांक आणि पृष्ठ क्रमांक नीट दिला तर ग्रंथालयातील फायलीही तितक्याच ग्राह्य ठरतात. लेख ठेवावा की काढावा यावरच्या चर्चेत हातांची मोजणी होत नाही, कोणी कोणता पुरावा पुढे ठेवला हे पाहिले जाते. म्हणून मंत्र्याचे पन्नास समर्थक एकाच दिवशी येऊन ‘लेख राहू द्या’ असे लिहून गेले तरी त्याचा उपयोग होत नाही, आणि धुळ्याच्या एखाद्या जुन्या ग्रंथालयात बसून एकाच माणसाने उतरवून आणलेले दोन संदर्भ लेख वाचवू शकतात. मंत्र्याच्या कार्यालयातील कर्मचाऱ्याने अथवा नातलगाने लेखात स्वतः भर घालू नये, सुचवायचे असेल ते चर्चा पानावर आपली ओळख देऊन सुचवावे, अशी अपेक्षा आहे; ती पाळली गेली नाही तर प्रत्येक बदलाची नोंद पानाच्या इतिहासात राहतेच, आणि ती कोणालाही पाहता येते.