पिस्टनलाही लागते कल्हई!

पितळी पातेल्याला कल्हई कशासाठी, हे मराठी गृहिणीला सांगावे लागत नाही. आमटी कळकू नये म्हणून पितळ आणि अन्न यांच्यामध्ये कथलाचा एक पातळ थर द्यायचा. मोटारीच्या इंजिनातल्या पिस्टनलाही वर्षानुवर्षे अशीच कथलाची कल्हई देत आले आहेत, हे मात्र गाडी चालवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

हा उद्योग पाहायचा तर चेन्नई गाठावी. १८४० साली घोडागाड्या बांधण्यासाठी निघालेली सिम्प्सन कंपनी इथलीच. या कंपनीभोवती एस. अनंतरामकृष्णन यांनी मोठा उद्योगसमूह उभा केला आणि १९४९ साली सेंबियममध्ये ‘इंडिया पिस्टन्स’ सुरू झाली. १९५५ मध्ये तिरुवोट्टियूरला, समुद्राच्या अगदी कुशीत, एन्फील्डचा कारखाना आला आणि लष्कराला हवी असलेली बुलेट तिथे तयार होऊ लागली.

पिस्टन म्हणजे उलट्या पेल्यासारखा ॲल्युमिनियमचा तुकडा. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर हा पेला सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली होतो. त्याच्या माथ्यावर पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा वायूंचे तापमान दोन हजार अंशांच्याही वर जाते. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते! तरी पिस्टन टिकतो, कारण भडका क्षणभरच असतो आणि उष्णता रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीत व खालच्या तेलात निघून जाते. माथा साधारण अडीचशे-तीनशे अंशांवर राहतो.

खरी पंचाईत पुढेच आहे. तापले की ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुपटीने फुगते. जुन्या साडेतीनशे सीसी बुलेटचा पिस्टन ७० मिलिमीटर रुंद आणि सिलिंडर बिडाचा. फुगण्यासाठी जागा जास्त ठेवली तर थंड इंजिन खडखडते. कमी ठेवली तर तापलेला पिस्टन भिंतीला घासतो, ओरखडे पडतात आणि अखेर तो जागीच चिकटतो. मेकॅनिक म्हणतात, ‘इंजिन सीझ झाले.’ भर हमरस्त्यावर, मागून ट्रक येत असताना चाक एकाएकी अडले तर काय होईल, ते सांगायला नको. नव्या गाडीच्या मागे पूर्वी ‘रनिंग इन’ अशी पाटी दिसायची आणि मालक पहिले काही शे किलोमीटर गोगलगायीच्या गतीने जायचा, ते याच भीतीपोटी.

कथलाचा मऊ थर या काळात स्वतः झिजून पिस्टनला वाचवत असे. आज त्याच्या जोडीला, अनेकदा त्याच्या जागीही, ग्रॅफाइट आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड यांचा लेप आला आहे. हे दोन्ही पदार्थ पत्त्यांच्या कॅटासारखे थरांचे बनलेले. थरावरून थर सहज सरकतो. ते राळेत कालवून पिस्टनच्या कडांवर लावतात आणि भट्टीत भाजून पक्के करतात. पुष्कळदा हा लेप, लग्नपत्रिका छापावी तसा, स्क्रीन प्रिंटिंगने छापतात. जाडी दहा ते वीस मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षाही कमी. नव्या पिस्टनच्या बाजूला काळा ठिपका दिसतो तो हाच. सकाळी इंजिन सुरू करताना तेल अजून वर चढलेले नसते, तेव्हाचे पहिले काही क्षण हा ठिपका सांभाळतो.

शर्यतवाल्यांचा हव्यास

चेन्नईला वेगाचे वेडही जुनेच. महायुद्धातली शोलावरमची धावपट्टी नंतर शर्यतींचे मैदान झाली. १९९० मध्ये इरुंगाट्टुकोट्टईला खास ट्रॅक तयार झाला. शर्यतीच्या गाड्यांत पिस्टनच्या माथ्यावर झिरकोनियाचा, म्हणजे चिनीमातीच्या जातीचा लेप देतात. उष्णता माथ्यात शिरू नये, ती वायूंतच राहून पिस्टन ढकलावा, असा हिशेब. एक्झॉस्टच्या नळ्यांनाही असाच लेप देतात. त्यामुळे बॉनेटखालचा भाग कमी तापतो, आणि ते खरोखर उपयोगाचे आहे.

मात्र ‘लेप द्या, ताकद वाढवा’ हे बोलणे जपूनच ऐकावे. १९८० च्या दशकात अमेरिकेत कमिन्स कंपनीने लष्करासाठी रेडिएटरच नसलेले, सिरॅमिकने झाकलेले डिझेल इंजिन ट्रकमध्ये चालवून पाहिले. ट्रक चालला; पण इंधनाची बचत आशेइतकी झाली नाही. भिंती सतत तापलेल्या राहिल्या की आत येणारी हवाही तापते, विरळ होते. पेट्रोल इंजिनात तर त्यामुळे ठोके पडू लागतात. टोयोटाने २०१५ मध्ये डिझेल इंजिनाच्या पिस्टनवर सच्छिद्र थर दिला, तो चटकन तापतो आणि चटकन निवतो. युक्ती इतकीच, पण तिथवर पोचायला तीस वर्षे गेली.

चकाकीची किंमत

सायलेन्सरची गोष्ट वेगळी. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते! लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन जाते. रोज भाजीबाजारापुरतीच स्कूटर काढली तर ते सायलेन्सरमध्येच साचते आणि तो आतून गंजतो. चेन्नई-मुंबईची खारी हवा बाहेरून आपले काम करतेच.

क्रोमचा मुलामा बाहेरचा गंज थोपवतो आणि झळकतो. पण मुलामा देण्याच्या हौदात क्रोमिक ॲसिड असते. त्याच्या वाफाऱ्याने कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडते, फुफ्फुसाचा कर्करोगही संभवतो. हे क्रोमियम जमिनीत गेले तर काय होते, ते चेन्नईपासून शंभरेक किलोमीटरवरच्या राणीपेटला दिसते. तिथला, प्रामुख्याने चामडे कमावण्यासाठी क्रोमियमची रसायने बनवणारा सरकारी कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला आणि दीड लाख टनांहून अधिक विषारी गाळ मागे राहिला. विहिरींचे पाणी पिवळे झाले. आता पिस्टनच्या रिंगांवर निर्वात पोकळीत धातूची वाफ करून क्रोमियम नायट्राइडचा थर बसवतात; त्यात ॲसिडचा हौद लागत नाही. पद्धत महाग आहे, पण कामगाराचे नाक शाबूत राहते.

एक्झॉस्टमधला सर्वांत मोलाचा लेप मात्र डोळ्यांना दिसतच नाही. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. मधमाशांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट आणि तिच्या भोकाभोकांत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा सूक्ष्म मुलामा. विषारी कार्बन मोनॉक्साइड इथे निरुपद्रवी होतो. पेट्रोलमधले शिसे या मुलाम्यावर बसून तो निकामी करी, म्हणून त्याच्याबरोबर शिसेविरहित पेट्रोल आले आणि २००० सालापासून देशभर तेच मिळू लागले.

२०२० च्या भारत स्टेज-६ नियमांनंतर तर नव्या पेट्रोल मोटारसायकलीतही हा कन्व्हर्टर असतो, बहुधा एक्झॉस्टच्या नळीत किंवा सायलेन्सरमध्येच. घरातला तरुण मुलगा फटफट आवाजासाठी मूळ एक्झॉस्ट काढून बाजारातला बसवतो तेव्हा नुसता पत्रा बदलत नाही. सोन्याच्या पंक्तीत बसणारे धातूही भंगारात जातात. वर दंड होतो तो निराळाच. असे सायलेन्सर जप्त करून पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे अनेक शहरांतल्या वर्तमानपत्रांत येऊन गेली आहेत.