माजी सैनिकाचे व्यसन : उपचाराच्या चार पायऱ्या



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो पगार, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आजचा माझा विषयही कामगाराचाच आहे. मात्र या कामगाराच्या अंगावर अगोदर लष्कराचा गणवेष होता. फौजेतला जवान पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आतबाहेर पेन्शनीत निघतो. दोन-चार महिने घरी काढतो आणि मग आसनगाव, आटगाव किंवा भिवंडीकडील एखाद्या कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहतो. आमची त्याची गाठ तिथे पडते.

यांतील बहुतेक माणसे शिस्तीची आणि कष्टाळू असतात, हे आधीच सांगून ठेवतो. नाही तर फौजी म्हणजे दारुडा, असा गैरसमज पसरवल्याचे पाप माझ्या माथी यायचे. परंतु ज्या थोड्यांना दारू लागते त्यांचे निदान गावात दोन वाक्यांत होते. "फौजेत स्वस्तात प्यायला शिकला" हे पहिले आणि "मनावर घेईल तर आज सोडील" हे दुसरे. पहिले वाक्य अपुरे आहे. दुसरे जिवावर बेतणारे आहे. ते कसे, हे समजून घेण्यासाठी मुळापासून सुरुवात करू.

फौजेत दिवसाला चौकट असते. पहाटेचा बिगुल, परेड, हजेरी, जेवणाची वेळ, झोपण्याची वेळ आणि चोवीस तास सोबतीला आपल्या तुकडीची माणसे. निवृत्तीच्या दिवशी ही चौकट एकदम निघते. गावात शेती भावाच्या ताब्यात असते, मुले बापाला सुटीपुरतीच ओळखत असतात आणि घरचा कारभार बायकोने त्याच्यावाचून चालवायची सवय करून घेतलेली असते. कालपर्यंत ज्याच्या शब्दावर दहा माणसे हलत होती, तो आज स्वतःच्या घरी पाहुणा होतो.

काहींच्या बाबतीत याहून खोल कारण असते. ज्याने शेजारचा सोबती सुरुंगात किंवा हिमकड्याखाली गेलेला पाहिला, त्याला तो प्रसंग नुसता आठवत नाही. तो पुन्हा घडतो. रात्री तो ओरडत उठतो, दिवाळीच्या फटाक्याने दचकतो, गर्दीत भिंतीला पाठ लावून बसतो, घरच्यांवर विनाकारण चिडतो आणि त्या विषयावर कोणाशी बोलत नाही. अशा माणसाला दारू पहिल्या काही दिवसांत झोप देते. पण दारूने आलेली झोप उत्तररात्री मोडते. मग माप वाढते. मेंदू रोजच्या दारूला तोल म्हणून स्वतःला अधिक जागृत ठेवू लागतो आणि सकाळी हात थरथरू लागले की ती थरथर थांबवायला पुन्हा दारूच लागते. झोपेसाठी धरलेली बाटली शेवटी झोपच घेऊन जाते.

हे दुखणे नवे नाही. त्याला मान मिळायला मात्र फार काळ लागला. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याने बधिर झालेल्या, थरथरणाऱ्या सैनिकांविषयी चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 1915 साली लिहिले आणि 'शेल शॉक' हा शब्द रूढ झाला. त्याच युद्धात पळून जाणे, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिश लष्कराने आपल्याच माणसांना गोळ्या घातल्या. त्यांपैकी 306 जणांना ब्रिटिश सरकारने 2006 साली मरणोत्तर माफी दिली. त्यांतले कितीतरी आजारी असणार, हे कळायला नव्वद वर्षे गेली. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी झगडा केला, तेव्हा 1980 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत या आजाराला जागा मिळाली. मराठीत त्याला आपण आघातोत्तर ताणविकार म्हणू.

व्हिएतनामचीच दुसरी गोष्ट आपल्या विषयाला जवळची आहे. तिथे गेलेल्या साध्या शिपायांपैकी सुमारे पाचव्या हिश्शाला हेरॉइनसारख्या द्रव्याची सवय जडली होती. ही माणसे परतल्यावर देशभर व्यसनाची साथ येईल, अशी सरकारला धास्ती वाटली. ली रॉबिन्स या विदुषींनी 1971 साली परतलेल्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा सवय जडलेल्यांपैकी सुमारे 5 टक्केच पहिल्या वर्षात पुन्हा त्या व्यसनात अडकल्याचे आढळले. जागा बदलली, सोबत बदलली, कामधंदा आणि घर मिळाले, की व्यसनाची पकड सैल होऊ शकते. आता आपल्या जवानाकडे पाहा. त्याचा प्रवास उलट दिशेचा असतो. तो शिस्तीतून निघून रिकाम्या दिवसात येतो. हातात ठराविक तारखेचे पेन्शन, खिशात कँटीनचे कार्ड आणि ओढ्यापलीकडे मोहाची हातभट्टी! तेव्हा उपचार म्हणजे केवळ त्याच्या शरीरातली दारू काढणे नव्हे. ज्या दिवसात तो परतणार तो दिवसही बदलावा लागतो.

या उपचाराच्या चार पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर निराळी माणसे लागतात, आणि एक गाळून पुढची गाठता येत नाही.

पहिली पायरी ओळखीची. सकाळी पहिला घोट घेतल्यावाचून हात स्थिर होत नाही, ठरवले त्यापेक्षा नेहमी जास्त पिणे होते, पिण्यासाठी काम आणि नाती बुडतात, अशी लक्षणे दिसली की तो शौक राहिलेला नसून आजार झालेला असतो. या पायरीवर जवानाची अडचण निराळी आहे. सैन्यात आरोग्याची प्रतवारी 'शेप' या पाच इंग्रजी अक्षरांनी होते आणि त्यांतले पहिलेच अक्षर मनाच्या प्रकृतीचे आहे. ती प्रत उतरली तर बढती अडेल, या भीतीने नोकरीत असताना तो झोपेची तक्रार लपवतो. लपवण्याची ही सवय घेऊनच तो गावी येतो. म्हणून "तू दारू का पितोस?" असे न विचारता "रात्री झोप लागते का?" असे विचारावे. या प्रश्नाला फौजी उत्तर देतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरी पायरी शरीर मोकळे करण्याची. इथेच ते गावचे दुसरे वाक्य घात करते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एका दिवसात दारू बंद केली तर काही तासांत कंप सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास माणूस भ्रमिष्ट होऊन नसलेल्या गोष्टी पाहू लागतो. उपचार न झाल्यास यात मृत्यूही येऊ शकतो. लोक म्हणतात, भूत लागले. आणि त्याला खोलीत कोंडतात. त्याला त्या वेळी रुग्णालयाची गरज असते. तिथे काही दिवस कमी कमी करत जाणारी औषधे आणि ब-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शने देऊन हा काळ सुखरूप पार पाडतात. आपल्या भागातून शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे, आणि तिथून पुढची चिठ्ठी घ्यावी. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून आहे. त्याच्या नावाला लाजण्याचे कारण नाही. मनाच्या आजाराचे डॉक्टर तिथेच भेटायचे.

पेन्शनर माजी सैनिकासाठी आणखी एक दार आहे. 1 एप्रिल 2003 पासून माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, सुरू आहे. तिच्या पॉलिक्लिनिकमधून लष्करी रुग्णालयाची किंवा योजनेतील खाजगी रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. योजनेत पत्नीचीही नोंद होते. वर्षानुवर्षे जागून, मार खाऊन खचलेल्या बाईलाही डॉक्टर लागतो, हे विसरू नये. कागदपत्रे अडली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. आणि 2022 साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेच्या अटींनुसार चार वर्षांनी परतणाऱ्या मुलांना ना पेन्शन आहे, ना ही आरोग्य योजना. त्यांचा सारा भार आपल्या साध्या सरकारी दवाखान्यावर येणार आहे, हे आतापासून ध्यानात ठेवले पाहिजे.

तिसरी पायरी मनाची. पूर्वी डॉक्टर म्हणत, आधी दारू सोड, मग तुझ्या स्वप्नांचे पाहू. पण स्वप्ने तशीच राहिली तर दारू परत येते. म्हणून आता दोन्हींचा उपचार बरोबरीने करण्याकडे कल आहे. प्रशिक्षित माणसाच्या सोबतीने तो टाळलेला प्रसंग थोडा थोडा, ठरवून आठवायचा आणि "मी वाचलो हा माझा गुन्हा" यासारख्या समजुती तपासायच्या, हा त्याचा गाभा. जोडीला सर्ट्रालिनसारखी औषधे देतात. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही औषधेही आहेत. मात्र झोपेच्या गोळ्या परस्पर दुकानातून आणू नयेत. एक व्यसन जाऊन दुसरे येते. तसेच जेवणात गुपचूप कालवायच्या पुड्या! त्यांत डायसल्फिराम असेल आणि माणूस वर दारू प्याला, तर उलट्या होऊन, रक्तदाब कोसळून तो दगावू शकतो. हे औषध घेणाऱ्याला माहीत असेल आणि डॉक्टरांची देखरेख असेल, तरच ते औषध.

राहून उपचार घ्यायचा तर पुण्याचे मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने 1986 साली ते सुरू केले. तिथे बरे झालेली माणसेच नव्या रुग्णांची सोबत करतात, आणि पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. फादर जो परेरा यांनी 1981 साली वांद्र्याला सुरू केलेले कृपा फाउंडेशनही याच मार्गाचे.

इथे एक इशारा. व्यसनमुक्तीच्या नावाने कोंडणारी आणि मारझोड करणारी ठिकाणेही देशात निघाली आहेत. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या 28 मनोरुग्णांचा बळी गेला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी केली आहे. केंद्राची नोंदणी पाहिल्याशिवाय आपला माणूस तिथे ठेवू नका.

याच कायद्याने दारू आणि मादक द्रव्यांतून येणाऱ्या मनोविकारांना मानसिक आजारांत धरले आहे. दुसरीकडे सैन्याच्या अपंगत्वभरपाईच्या नियमांत मद्य वा मादक द्रव्यांच्या अतिरेकातून आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही, कारण ती बाब माणसाच्या स्वतःच्या ताब्यातली समजली जाते. एका कागदावर तो रोगी, दुसऱ्यावर दोषी! यात सुधारणा व्हावी म्हणून आवाज उठवला पाहिजे. तोपर्यंत व्यवहाराची गोष्ट एवढीच की झोप, भीती, दचकणे यांची तक्रार वेळीच डॉक्टरांच्या कागदावर आली पाहिजे. दारूची नोंद आधी झाली आणि आघाताची झालीच नाही, तर मूळ दुखणे कायमचे दारूखाली गाडले जाते.

चौथी पायरी परत येण्याची, आणि ती चढवायला कोणतेही रुग्णालय आटगावात येणार नाही. ती आपली आहे. 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात केली. तिथे वर्गणीची सक्ती नाही, नाव सांगावे लागत नाही, साहेब नाही. आमच्या युनियनचे तत्त्व याहून वेगळे नाही : एकट्याला जे झेपत नाही ते समदुःखी माणसे मिळून पेलतात. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या माजी सैनिकांनी आठवड्यातून एकदा तासभर एकत्र बसायचे ठरवले, तर त्याला सरकारी मंजुरी लागत नाही.

आणखी थोडी कामे सांगतो. दवाखान्याच्या तारखेला कसारा लोकलने ठाण्यापर्यंत सोबत जाणारा एक माणूस ठरवा. पहिल्या दोन-तीन खेपांत एकटा माणूस वाटेतूनच परततो. कारखान्याच्या व्यवस्थापनाला सांगून त्याची रात्रपाळी काही महिने टाळा. ज्याची झोपच मोडलेली आहे त्याला रात्री जागवणे म्हणजे जखमेवर काठी. त्याच्या कँटीनच्या कोट्यातली बाटली लग्नासाठी, पाहुण्यासाठी कोणी मागू नये. आपली मागणी त्याच्या हातात बाटली देते. आणि सहा महिन्यांनी तो पुन्हा एकदा प्याला, तर "गेला वाया" म्हणू नका. मधुमेहाची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण औषध बंद करत नाही. इथेही पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते.

2019 साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या 38 माणसांमागे एकालाच कोणता तरी उपचार मिळाल्याचे दिसून आले. उरलेल्या 37 जणांत आपल्या पाड्यावरचे, आपल्या फाटकावरचे कोण आहेत, हे तुम्हाला आणि मला माहीत आहे. त्यांच्यासाठी दोन क्रमांक टिपून घ्या. 14416 हा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानसचा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. सैन्यदलांतील माणसे आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी या सेवेचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात 1 डिसेंबर 2023 रोजी सुरू झाला. दुसरा क्रमांक 14446, व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी. हे दोन्ही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, कारखान्याच्या फाटकावर आणि स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर ठळक अक्षरांत लिहिलेले असावेत, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.