एका नाण्यात न मावणारी शिवराई

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याच्या पुढे पाली लागते. इथून एक रस्ता लांजा-राजापूरकडे उतरतो, दुसरा नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढून कोल्हापूर गाठतो. कोकण आणि देश यांच्यात घाटवाटांनी जो व्यापार चालत आला, त्यात मीठ, तांदूळ, सुक्या मासळीबरोबर तांब्याचा पैसाही वर-खाली होत राहिला. तो पैसा म्हणजे शिवराई. या भागातल्या जुन्या घरांत आजही देव्हाऱ्यात टाकाबरोबर एखादी झिजलेली शिवराई निघते. घरचे तिला हळदकुंकू वाहतात आणि महाराजांचं नाणं म्हणून जपतात.

जगभरातल्या संग्राहकांचा एक लाडका मार्ग आहे. सगळी नाणी जमवायच्या मागे न लागता एकच मूल्य धरायचं आणि त्याचे सगळे प्रकार गोळा करायचे. रशियाच्या दुसऱ्या कॅथरीनच्या काळातलं पाच कोपेकचं तांब्याचं नाणं असं जमवलं जातं. सोळा रूबलची नाणी एक पूड, म्हणजे सुमारे 16.4 किलो तांब्यात पाडायची, असा नियम होता. त्यामुळे हे एकेक नाणं 51 ग्रॅमच्या आसपास भरतं. एका बाजूला दोन डोक्यांचा गरुड, त्याच्या दोन्हीकडे टांकसाळीची अक्षरं. दुसऱ्या बाजूला राणीचं मुकुटधारी नाममुद्राचिन्ह आणि वर्ष. येकातेरिनबुर्गचं नाणं वेगळं, अन्निन्स्कचं वेगळं. क्रिमियातल्या फिओदोसियाची अक्षरं असलेलं 1787-88चं नाणं तर दुर्मीळ. पण यादी जवळजवळ ठरलेली असते. संग्राहक एकेक खण भरतो आणि जास्तीचं नाणं अदलाबदलीत देऊन टाकतो.

शिवराईला ही पद्धत लावायला गेलं की पहिल्याच पायरीवर अडतं. शिवराईवर वर्ष नाही, टांकसाळीचं नाव नाही. पुढच्या बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, मागे दोन ओळींत ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. एवढाच मजकूर. 6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि सोन्याचा होन व तांब्याची शिवराई या नावानं निघाली. आसपासच्या बहुतेक सत्तांची नाणी फारसी लिपीत होती, अशा काळात हे नाणं देवनागरीत उमटलं. राज्याभिषेकाला आलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलानं आपलं नाणं स्वराज्यात चालावं असं कलम मागितलं होतं. महाराजांचं उत्तर असं की मी कुठलंही नाणं अडवत नाही, पण रयतेला तोटा सोसून ते घ्यायला लावणार नाही. कस आणि वजन चोख असेल तर तुमचं नाणं आपसूक चालेल. शिवराई हाती घेताना हे उत्तर मला नेहमी आठवतं. ते व्यवहार जाणणाऱ्या राज्यकर्त्याचं उत्तर आहे.

हे नाणं पुढे फार दीर्घकाळ चाललं. संभाजीराजांच्या आणि शाहूंच्या नावाचीही तांब्याची नाणी आहेत, पण ती विरळा. पेशवाईत सत्ता पुण्याला आली, तरी पैशावर पेशव्यांनी स्वतःचं नाव घातलं नाही; शिवछत्रपतींचंच नाव पडत राहिलं. सरकार टांकसाळीचे परवाने देई, सोनार आणि कासार नाणी पाडत. न्यायमूर्ती रानडे यांनी 1899 साली मराठेशाहीतील नाणी आणि टांकसाळी यांवर निबंध वाचला. त्यात नागोठणे, रेवदंडा अशा कोकणातल्या ठिकाणच्या परवानेदारांचे दाखले आहेत. इंग्रजी अंमलातही खेड्यापाड्यांत शिवराई विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चलनात होती. म्हणून स्पष्ट सांगायला हवं: घरोघरी आढळणाऱ्या बहुसंख्य शिवराया महाराजांच्या हयातीतल्या नाहीत. कुणाचा हिरमोड होऊ नये. राज्य गेलं, राजधान्या बदलल्या आणि तरीही बाजारातल्या सर्वांत लहान माणसाच्या हातात त्यांचंच नाव राहिलं, ही मला त्याहून मोठी गोष्ट वाटते.

मग प्रकार ओळखायचा कशावरून? अक्षरांवरून. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’. ‘छत्रपति’ आणि ‘छत्रपती’. ‘श्री’ची वळणं, ‘ज’चं पोट, ‘त्र’ची तिरकी रेघ, कडेला मध्येच येणारं एखादं फूल किंवा चिन्ह. उत्तरकाळच्या एका मोठ्या गटात ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतात. अशा शिवराईला संग्राहक ‘दुदांडी’ म्हणतात. वजनही बदलतं, बहुधा 8 ते 13 ग्रॅमच्या दरम्यान.

यात खरी मेख कामाच्या रीतीत आहे. तांब्याचा तुकडा खालच्या ठशावर ठेवायचा, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा घालायचा. ठसा तुकड्यापेक्षा मोठा असे, तुकडाही बऱ्याचदा ओबडधोबड कापलेला. त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच बसतो. एकावर ‘श्री’ दिसतो पण ‘शिव’ कापला जातो. दुसऱ्यावर ‘शिव’ ठसठशीत, वरचं काही नाही. एकाच ठशाची सात-आठ नाणी शेजारी मांडली तेव्हा कुठे तो ठसा डोळ्यांपुढे पुरा उभा राहतो. रशियन पैशाच्या संग्रहात जे जास्तीचं म्हणून काढून टाकतात, तेच शिवराईच्या संग्रहात वाचायला शिकवतं. जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मराठी मिशनच्या पाद्र्यानं, ज्यानं पुढे मराठी संतचरित्रं इंग्रजीत नेली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजारो शिवराया डोळ्यांखालून घालून पहिलं वर्गीकरण मांडलं ते याच कारणानं. पुढे माहेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळींवरचा ग्रंथ 1989 साली नाशिकजवळच्या अंजनेरीतल्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेनं काढला. आजही तो उघडल्याशिवाय या कामाला हात घालू नये.

कोकणात तांब्याचा शत्रू म्हणजे हवा. खारट दमट वाऱ्यानं नाण्यावर हिरवा थर धरतो, आणि आपली पहिली सवय चिंचेचा किंवा आमसुलाचा हात फिरवण्याची. समईला ते चालतं, शिवराईला नाही. आंबट रस थराबरोबर अक्षरही खातो आणि मग उरतो तो लाल, गुळगुळीत, मुका तुकडा. शुद्ध पाण्यात भिजवून मऊ ब्रशानं माती काढावी, पूर्ण कोरडं करावं आणि कागदी पाकिटात ठेवावं. मऊ पीव्हीसी प्लास्टिकचे खिसे तांब्याला बाधतात. विकत घेताना ओतीव नकलांपासून सावध राहायचं: कडेला जोडाची रेघ, पृष्ठभागावर बारीक खड्डे, साबणासारखी गोल झालेली अक्षरं. घासलेल्या अक्षराला कोरणीनं नवा आकार देऊन ‘शिव’चा ‘शंभु’ केलेला असू शकतो, तेव्हा दुर्मीळ नाव दिसलं की आधी भिंग काढावं.

जमिनीत पुरलेला साठा सापडला तर गोष्ट वेगळी. 1878च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. गुपचूप वाटून घेतलेल्या साठ्यातून इतिहासाचं होणारं नुकसान भरून येत नाही, कारण कोणती नाणी कुठे एकत्र होती हेच पुसलं जातं.

आणि शिवराईच्या बाबतीत हे ‘कुठे’ सर्वांत मोलाचं आहे. नाण्यावर टांकसाळ लिहिलेली नाही. एखादी छाप कुठली हे ठरवायचा विश्वासार्ह पुरावा म्हणजे ती कोणत्या भागात पुन्हा पुन्हा मिळते हा. पालीसारख्या तिठ्यावर बसलेल्या संग्राहकाकडे एक संधी आहे. राजापूरच्या अंगाची नाणी एकीकडे, घाटावरून उतरलेली दुसरीकडे. प्रत्येक पाकिटावर वजन आणि व्यासाच्या आधी गावाचं नाव लिहावं, त्याखाली वाडी, घरात मिळालं की शेतात, एकटं की आणखी नाण्यांबरोबर. बाजारात दहा हात फिरून आलेल्या देखण्या शिवराईपेक्षा, साखरप्याच्या किंवा नाणिजच्या एखाद्या आजीच्या देव्हाऱ्यातली झिजकी शिवराई, जागेवरच फोटो आणि वजन घेऊन तिथेच परत ठेवलेली, अभ्यासाला जास्त उपयोगी पडते.