जोलिएट ज्युनिअर कॉलेज: पदवीची पहिली दोन वर्षं, घराजवळ

अमेरिकेतल्या भाच्याने कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं म्हटलं की 'का, युनिव्हर्सिटीत नंबर लागला नाही वाटतं?' हा प्रश्न हमखास येतो. त्यामागचे गैरसमज दूर करायला शिकागोच्या नैर्ऋत्येला, इलिनॉय राज्यातल्या जोलिएट शहरातलं ज्युनिअर कॉलेज बघावं. आज चालू असलेल्या अमेरिकेतल्या सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांत ते सर्वांत जुनं. नाव 'ज्युनिअर' असलं, तरी ती आपली अकरावी-बारावी नव्हे. तिथे शिकवतात ती बारावीनंतरची, पदवीची पहिली दोन वर्षं.

जोलिएट हे पोलादाच्या कारखान्यांचं आणि चुनखडीच्या खाणींचं गाव. हायस्कूल संपलेल्या कितीतरी मुलांना पुढे शिकायचं असे, पण परगावी राहण्याचा खर्च घराला झेपत नसे. १९०१ साली हायस्कूलचे अधीक्षक जे. स्टॅनली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी त्यावर वाट काढली: विद्यापीठातली पहिली दोन वर्षं हायस्कूलच्याच इमारतीत शिकवायची. पहिल्या तुकडीत विद्यार्थी होते सहा. हार्पर यांनी त्याआधीच आपल्या विद्यापीठात चार वर्षांच्या पदवीचे ज्युनिअर आणि सीनिअर असे दोन भाग केले होते. म्हणजे जोलिएटमध्ये जे शिकवायचं ठरलं ते विद्यापीठाच्या तोडीचंच होतं.

'अशा कॉलेजातून बाहेर पडून कोण मोठं झालंय?' जॉन हूबोल्ट झाले. जोलिएटजवळच्या शेतावर वाढलेला हा मुलगा १९३०च्या दशकात याच कॉलेजात शिकला, पुढे इलिनॉय विद्यापीठातून सिव्हिल इंजिनिअर झाला आणि नासात पोहोचला. अख्खं यान चंद्रावर न उतरवता मुख्य यान चंद्राभोवती फिरत ठेवायचं आणि एक छोटं यान खाली पाठवायचं, ही योजना त्यांनी नेटाने लावून धरली. ती त्यांना एकट्यालाच सुचली होती असं नाही. पण वरिष्ठांचा विरोध असताना, १९६१ मध्ये अधिकाराची उतरंड ओलांडून थेट वरच्या अधिकाऱ्याला पत्र लिहिणारे हूबोल्टच होते. १९६२ मध्ये नासाने हाच मार्ग स्वीकारला आणि १९६९ मध्ये अपोलो ११ त्याच मार्गाने गेलं. कॉलेजचा मुख्य परिसर आज ज्या रस्त्यावर आहे, त्याला हूबोल्ट यांचंच नाव आहे. दुय्यम शिक्षणाचा शिक्का मारणाऱ्यांनी एवढं एक नाव लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

तो परिसर मात्र फार उशिरा आला. अनेक दशकं कॉलेज हायस्कूलच्या आश्रयानेच चाललं. १९६५ मध्ये राज्याने ज्युनिअर कॉलेजांसाठी कायदा केला, १९६७ मध्ये स्वतंत्र कॉलेज-जिल्हा, म्हणजे करातून कॉलेजला पैसा पुरवणारा आसपासचा भाग, ठरला आणि १९६९ मध्ये नव्या जागेवर तात्पुरत्या इमारतींत वर्ग भरू लागले. पक्क्या इमारती मागाहून उभ्या राहिल्या. आता शहराच्या मध्यभागी आणि रोमिओव्हिल गावातही कॉलेजच्या शाखा आहेत.

काहींना हे आयटीआयसारखं वाटतं. ते अर्धंच खरं. नर्सिंग, शेती, बागकाम, स्वयंपाकशास्त्र, वाहनदुरुस्ती असे थेट नोकरीकडे नेणारे अभ्यासक्रम इथे आहेतच. पण त्यांच्याच शेजारी गणित, इंग्रजी, रसायनशास्त्र शिकून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाणारी मुलंही असतात. परिचारिका आणि भावी इंजिनिअर एकाच आवारात शिकतात, हे मला या कॉलेजांचं मोठं बळ वाटतं.

फीबद्दल मात्र सावध राहावं. ती कमी असते, कारण स्थानिक मालमत्ता करातून कॉलेजला पैसा मिळतो. म्हणूनच सवलतीचा दर त्या कॉलेज-जिल्ह्यातल्या रहिवाशांना. पुण्याहून थेट जाणाऱ्या विद्यार्थ्याला जास्त दर लागतो. पुढचा प्रवेशही आपोआप होत नाही. सामान्य विषयांची क्रेडिट्स मान्य करण्याबाबत इलिनॉयमधल्या बऱ्याच संस्थांत करार आहे, पण इंजिनिअरिंगसारख्या शाखांच्या अटी विद्यापीठागणिक बदलतात. तेव्हा ज्या विद्यापीठात जायचं, तिथली विषयांची यादी पहिल्याच सत्रात कॉलेजच्या समुपदेशकासमोर ठेवावी. ती दोन वर्षं नीट जुळली, तर शेवटी हाती येणारी पदवी त्या विद्यापीठाचीच असते.