पहिला स्टॅबिलायझर घेताना : ब्रँड नंतर, कॅमेऱ्याचे वजन आधी

नवरी मंडपात येताना कॅमेरा तिच्यासोबत तरंगत चालला पाहिजे, ही मागणी आता तालुक्याच्या गावातल्या लग्नातही होते. त्यामुळे काही वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली शूटिंग केलेला तरुण स्वतःचे काम सुरू करतो, तेव्हा कॅमेरा आणि लेन्सनंतर त्याची नजर स्टॅबिलायझरकडे वळते. पैसे मोजके असतात. ऑनलाइन जाहिरातीत व्हेस्ट, आर्म, रिग असा पूर्ण संच स्वस्तात दिसतो आणि तो मागवला जातो. दोन लग्नांनंतर तोच संच स्टुडिओच्या कोपऱ्यात पडलेला असतो. दोष दर वेळी स्वस्त मालाचा नसतो. बऱ्याचदा तो संच त्या कॅमेऱ्यासाठी बनलेलाच नसतो.

हे उपकरण आले कुठून?

अमेरिकी कॅमेरामन गॅरेट ब्राउन यांनी १९७०च्या दशकात स्टेडीकॅम तयार केला. नमुना म्हणून केलेल्या चित्रीकरणात त्यांची मैत्रीण (पुढे पत्नी) फिलाडेल्फियातील कला संग्रहालयाच्या पायऱ्या धावत चढताना दिसते. दिग्दर्शक जॉन अ‍ॅव्हिल्डसन यांनी ते पाहिले आणि १९७६च्या ‘रॉकी’मध्ये त्याच पायऱ्या आल्या. त्याच वर्षीच्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’तही स्टेडीकॅम वापरला गेला. व्यावसायिक दर्जाचा पूर्ण संच आजही लाखोंच्या घरात जातो. फ्लायकॅम, प्रोएम, ग्लाइडकॅम अशा नावांनी मिळणारे स्वस्त संच याच तत्त्वावर चालतात.

तत्त्व साधे आहे. दांड्याच्या वरच्या टोकाला कॅमेरा, खालच्या टोकाला मॉनिटर, बॅटरी किंवा वजनाच्या चकत्या आणि मध्ये सर्व दिशांना फिरणारा सांधा, म्हणजे गिंबल. हा झाला स्लेड. स्प्रिंगचा आर्म त्याला पेलतो आणि भार अंगातल्या व्हेस्टवर देतो. वजन दांड्याच्या दोन टोकांना विभागले गेल्यामुळे हाताच्या बारीक हिसक्यांनी कॅमेरा सहज हलत नाही. पावलांचे वरखाली होणे आर्म गिळून टाकतो.

मग मोटारवाला गिंबल काय वेगळे करतो?

डीजेआय, झियुन यांच्यासारख्या कंपन्यांचे इलेक्ट्रॉनिक गिंबल सेन्सर आणि तीन मोटारींच्या मदतीने कॅमेऱ्याचे झुकणे आणि वळणे सावरतात. शिकायला ते सोपे असतात. पण ऑपरेटर चालताना अख्खा गिंबलच वरखाली होतो आणि ती हालचाल या मोटारी थांबवू शकत नाहीत. म्हणून गुडघे वाकवून चालावे लागते. शिवाय तासाभरात मनगट आणि दंड भरून येतात, ते वेगळेच. पुढच्याच महिन्यापासून लग्ने आणि जाहिराती करून पैसे सुटायला हवे असतील, तर पहिली खरेदी इलेक्ट्रॉनिक गिंबलचीच करावी. सिनेमा, मालिका किंवा थेट प्रक्षेपणात स्टेडीकॅम ऑपरेटर व्हायचे असेल, तर हात यांत्रिक रिगवरच बसवावा लागतो. मोटारवाल्या गिंबलवर वर्षे घालवली तरी ते कौशल्य आपोआप येत नाही.

वजनाचे गणित कसे करायचे?

खरेदी चुकते ती इथे. सोनी ए७-३ हा कॅमेरा बॅटरीसह सुमारे ६५० ग्रॅम भरतो. त्यावर २४-७० मिमी एफ २.८ जीएम ही जुनी लेन्स लावली की आणखी ८८६ ग्रॅम. म्हणजे दीड किलो झालेच. माइक, प्लेट, फिल्टर धरले की आकडा पावणेदोन किलोकडे सरकतो. डीजेआय आरएस ३ मिनीची क्षमता २ किलो आहे. कागदावर जमते, पण उद्या थोडी जड लेन्स आली की जागाच उरत नाही. क्षमतेच्या काठावर चालणारी मोटार थरथरते आणि बॅटरीही लवकर संपवते.

यांत्रिक रिगमध्ये गणित दोनदा करायचे. स्लेडसाठी फक्त कॅमेऱ्याचे वजन मोजायचे. आर्मसाठी मात्र कॅमेरा, स्लेड, मॉनिटर, बॅटरी आणि चकत्या असे सगळे मोजायचे. आर्मला कमाल मर्यादेसारखी किमान मर्यादाही असते आणि जाहिरातीत ती बारीक अक्षरांत असते. सहा-सात किलोसाठी बनलेल्या आर्मवर तीन किलोचा भार टाकला तर आर्म वरच चिकटून बसतो, खाली येतच नाही. ‘मोठा घेतला की पुढे उपयोगी पडेल’ हा हिशेब इथे उलटा पडतो. स्प्रिंगचा ताण स्क्रूने कमी-जास्त करता येणारा आर्म थोडा महाग असला तरी तोच घ्यावा.

फार हलका कॅमेराही अडचणीचा ठरतो. हलके रिग वाऱ्याच्या झुळकीनेही डोलते. अशा वेळी कॅमेऱ्याखाली धातूची पट्टी लावून वजन वाढवणे हा जुना उपाय आहे. वेडगळ वाटला तरी तो काम करतो.

हातात आल्यावर काय तपासावे?

आधी गिंबल. दांडा हलवताना खडखड जाणवली, तर पुढे काही पाहण्याची गरज नाही. नंतर कॅमेरा लावून तोल साधावा आणि दांडा आडवा धरून सोडावा. तो दोन ते तीन सेकंदांत सावकाश उभा झाला पाहिजे. झपकन उभा झाला तर खालचे टोक जड आहे आणि चालताना, थांबताना तो लंबकासारखा झुलेल. चकत्या कमी करून किंवा गिंबल थोडे खाली सरकवून हे सुधारते. पण तोल साधलेला दांडा स्वतःभोवती पाव फेरी वळवला आणि तो नव्याच बाजूला कलला, तर गिंबल मध्यावर बसलेले नसण्याची शक्यता मोठी. स्वस्त संचात हा दोष आढळतो आणि तो घरी दुरुस्त होत नाही. असा माल परत करावा. परतीची मुदत तपासूनच ऑर्डर द्यावी, हे त्यासाठीच.

व्हेस्ट किमान वीस मिनिटे भारासह अंगावर ठेवावे. वजन कमरेवर उतरले पाहिजे. खांदे दुखू लागले तर माप चुकले आहे. सरळ उभे राहिल्यावर रिग पुढे किंवा बाजूला पळत असेल, तर आर्म जिथे व्हेस्टला जोडला जातो तिथला कोन बदलावा लागतो. त्यासाठी स्क्रू आहेत की नाही, ते पाहावे. काही स्वस्त व्हेस्टमध्ये ते नसतातच. मग ऑपरेटर दिवसभर पाठ वाकडी करून रिगला आवरत राहतो. पाठीचे दुखणे सुरू होते ते असे.

पैसे कुठे वाचवावेत?

कार्बन फायबरचा दांडा पहिल्या रिगला नसला तरी चालतो. वाकणार नाही असा अ‍ॅल्युमिनियमचा पुरेसा आहे. उन्हात दिसणारा मॉनिटर मात्र हवा, कारण रिग चालवताना डोळा व्ह्यूफाइंडरला लावता येत नाही. मॉनिटरची वायर बारीक आणि मऊ असावी. जाड वायर आपल्या ताणानेच तोल बिघडवते. रिग टेकवण्यासाठी भक्कम स्टँडही बजेटमध्ये धरावा. तो नसला की तोल साधायला दर वेळी दुसरा माणूस लागतो.

बजेट फारच तोकडे असेल तर आर्म आणि व्हेस्ट सोडून केवळ हातात धरायचा स्लेड घेता येतो. ग्लाइडकॅम एचडी-२००० सुमारे ०.९ ते २.७ किलोचा कॅमेरा पेलतो. हात लवकर थकतो, पण तोल साधणे आणि दोन बोटांनी दांडा वळवणे हे दोन्ही धडे त्यावर पक्के होतात. नंतर आर्म घेताना आपल्याला किती वजन पेलायचे आहे, तेही कळलेले असते. मुंबई-पुण्यात रिग दिवसाच्या भाड्याने मिळतात. आपला कॅमेरा घेऊन जावे, एक दिवस रिग अंगावर वागवावे आणि जिना चढून-उतरून पाहावे. सेकंडहँड घेताना तर विक्रेत्यालाच आधी तोल साधून दाखवायला सांगावे.