परसातले अंजीर आणि अंगातले रक्त

भाटघर धरणाच्या खालच्या अंगाला आमचे घर आहे. काही वर्षांपूर्वी सासवडहून ‘पुणे अंजीर’ जातीचे एक रोप आणून मी परसात लावले, तेव्हा शेजारचे काका हसले. “डॉक्टर, अंजीर पुरंदरचं. आपल्या पावसात ते कसलं धरतंय?” त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात तिथल्या कोरड्या हवेचा आणि निचऱ्याच्या जमिनीचा मोठा वाटा आहे. आमच्याकडे पाऊस लागला की लागतो. पहिल्या दोन पावसाळ्यांत पानांच्या मागे तांबेऱ्याचे तपकिरी ठिपके पडले, पाने गळाली आणि झाडाचा खराटा झाला.

मग झाडाभोवती उंच वरंबा केला, पाणी बाहेर काढून दिले, सावली करणारी शेवग्याची फांदी तोडली आणि गळालेली पाने गोळा करून पुरू लागलो. खट्टा बहार सोडून दिला, कारण त्याची फळे पावसात वाढतात. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी आणि शेणखत द्यायचे, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी मीठा बहाराची फळे हाती येतात. पुरंदरची सर नाही, पण घरापुरती येतात. अंजीर झाडावरच पिकू द्यावे, कच्चे तोडून आढीत घातले तर नीट पिकत नाही.

उंबराचे फूल कुणी पाहिले, असे आपण म्हणतो. अंजीर हा त्याच कुळातला. फुले फळाच्या आतच असतात. उंबरात बारीक किडे निघतात म्हणून पुष्कळ जण अंजीरही भीत भीत फोडतात. पण आपल्याकडच्या अंजिराला फळ धरायला किड्याची गरजच नसते.

छाटणीची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. एका वर्षी ऑक्टोबरच्या भर दुपारी मी बनियनवर झाड छाटले. चीक हातांवर ओघळला, तो नुसता पंचाला पुसला. दुसऱ्या दिवशी हात लाल झाले, तिसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड आले आणि त्यांचे काळे डाग पुढे कित्येक महिने राहिले. अंजिराच्या चिकात अशी द्रव्ये असतात की ऊन लागल्यावर ती कातडी भाजतात. डॉक्टर असून मला हे अंगावर आल्यावरच आठवले! तेव्हा वाचकहो, छाटणी संध्याकाळी करा, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, चीक लागला तर लगेच साबणाने धुवा आणि दोन दिवस तो भाग उन्हापासून झाका. चामखिळीवर हा चीक लावण्याची पद्धत आहे. चेहऱ्यावर तरी तो प्रयोग कुणी करू नये.

आता खाण्याकडे वळू. धरणाच्या वरच्या एका वाडीतून एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. पाचवा महिना, डोळ्यांच्या आतली बाजू पांढरी फटक, हिमोग्लोबिन ७.८. गरोदरपणी ते निदान ११ असावे. लाल गोळ्या मिळाल्या होत्या, पण मळमळ होते, शौचाला काळे होते म्हणून बंद केलेल्या. सासूबाई म्हणाल्या, “रोज दोन अंजिरं भिजवून देतोय की. महाग असली तरी हात आखडला नाही.” त्यांच्या मायेबद्दल मला शंका नव्हती. पण शंभर ग्रॅम सुक्या अंजिरात लोह भरते सुमारे दोन मिलिग्रॅम, म्हणजे दोन फळांतून जेमतेम अर्धा. त्या एका लाल गोळीत साठ मिलिग्रॅम असते. अंजिरांनी ही तूट कधी भरायची?

अंजीर मात्र मी बंद केले नाही. त्यात चोथा भरपूर असतो आणि गोळ्यांनी धरणारे पोट त्याने सुटते. गोळ्या दिवसातून दोनदा, जेवल्यावर, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायला सांगितल्या. चहा गोळीच्या आधी नि नंतर निदान तासभर बंद. चहाने लोह अंगी लागत नाही. शौचाला काळे होणे हा गोळीचाच परिणाम, त्यात भिण्यासारखे काही नाही, हे दोघींना दोनदा समजावले. दीड महिन्याने हिमोग्लोबिन ९.४ झाले, पुढेही गोळ्या चालूच राहिल्या.

मधुमेह्यांनी एक लक्षात ठेवावे. ताज्या अंजिरात शंभर ग्रॅमला सोळा ग्रॅमच्या आसपास साखर असते, सुक्यात जवळजवळ निम्मे वजन साखरेचेच. ताजे एखादे फळ जेवणाच्या हिशेबात बसवता येते, सुक्याची मूठ नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर अंजिरातल्या पोटॅशियममुळे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. सुके अंजीर भिजवण्यापूर्वी फोडून बघा, आत अळी किंवा बुरशी दिसली तर टाकून द्या.

परवा त्याच सासूबाई नातवाला टोचायला घेऊन आल्या होत्या. जाताना परसात डोकावून म्हणाल्या, “डॉक्टर, याची एक फांदी द्या, दारात लावते.” वीतभराहून थोडी मोठी, पक्व लाकडाची फांदी लागते. ऑक्टोबरात छाटणी होईल, तेव्हा संध्याकाळी या, असे त्यांना सांगितले आहे.